चाळीस माणसे आणि एक किलो डाळ

डिसेंबर लागला की आमच्या भागातल्या सोसायट्यांमधून एक प्रश्न फिरायला लागतो. नाताळची सुटी, वर्षअखेर, कुणाचा लग्नाचा वाढदिवस, कुणाचा मुलगा परदेशातून आलेला. संध्याकाळी तीसचाळीस माणसे बोलवायची आहेत. पंगत नको, जेवण नको, नुसते 'स्टार्टर्स' आणि प्यायला काहीतरी. दिसायला नीटनेटके हवे, खिशाला परवडले पाहिजे. तर काय ठेवावे?

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण इतिहास शिकवण्यात उमर गेलेल्या माणसाला साध्या प्रश्नाच्याही मागे मागे जाण्याची खोड असते. एक तरुण शेजारी म्हणाला, "सर, मराठीत स्टार्टरला शब्दच नाही, कारण आपल्याकडे ही पद्धतच नव्हती." शब्दाचे त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. 'तोंडीलावणे' म्हणावे तर ते पानातले झाले. 'चकणा' म्हणावे तर चारचौघांत तो शब्द उच्चारताना यजमानीण बिचकते. पण पद्धतच नव्हती, हे मात्र मला पटले नाही. पद्धत होती. फार सुरेख होती, आणि इतकी स्वस्त होती की आजच्या कुठल्याही केटररला तिचा हिशेब कळू नये. तिचे जे वाईट होते तेही तिच्या बशीतच होते. दोन्ही सांगतो.

आधी थोडे पलीकडचे पाहू. कॉकटेल पार्टी ही वाटते तितकी जुनी गोष्ट नाही. तिचा जन्म साधारणपणे १९१७ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात झाला असे सांगतात. तिथल्या एका श्रीमंत बाईंनी रविवारी दुपारी तासाभरासाठी पन्नासेक पाहुणे पेयपानाला बोलावले, आणि त्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. पुढे १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. त्या काळात चोरूनमारून चालणाऱ्या बैठकांत पेल्याबरोबर हातात धरून खाण्याचे लहान लहान पदार्थ आले. त्यांतला एक प्रकार म्हणजे 'कॅनपे'. पावाच्या छोट्या तुकड्यावर काहीतरी चविष्ट रचलेले. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ चक्क 'सोफा'. पावाच्या सोफ्यावर पदार्थ बसला आहे अशी कल्पना! आपली शेवपुरी याहून वेगळे काय करते, हे तुम्हीच सांगा.

आता या पार्टीची लक्षणे मांडून पाहू. बोलावणे ठरावीक वेळेचे, पण पाहुण्याने त्या वेळेत केव्हाही यावे आणि थोड्या वेळाने निघावे. बसायला पाट-ताट नाही. एक पेय आणि दोनचार घासांचे खाणे. पोट भरणे हा हेतू नाही, भेटणे हा हेतू. आणि एका माणसाला एका संध्याकाळी अशा दोनतीन घरी जाता यावे.

ही सगळी लक्षणे जुळणारा एक समारंभ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तो म्हणजे चैत्रगौरीचे हळदीकुंकू.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपणाला राहते. या महिन्याभरात प्रत्येक घर आपापल्या सोयीचा एक दिवस निवडते, बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार, आणि संध्याकाळी आळीतल्या बायकांना बोलावते. गुलमंडी, औरंगपुरा, खडकेश्वर या जुन्या भागांत आमच्या लहानपणी, म्हणजे १९५० च्या दशकाच्या अखेरीस, हा महिना फार गजबजलेला असे. बायका चारच्या पुढे निघत आणि दिवेलागणीपर्यंत पाचसहा घरे करून येत. प्रत्येक घरी दहापंधरा मिनिटे. हळदीकुंकू, हातावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी, पन्ह्याचा पेला, कैरीची वाटली डाळ, ओटीत भिजवलेले हरभरे, एखादा बत्तासा, कलिंगडाची किंवा काकडीची फोड. की निघाल्या पुढच्या घरी. पुरुषांना प्रवेश नसे. रात्री जेवताना उरलेली डाळ मिळाली तर आपले नशीब.

या बेताचा हिशेब मांडून पाहा. एक किलो हरभऱ्याची डाळ चारपाच तास भिजवली की पावणेदोन ते दोन किलो होते. जाडसर वाटून त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, असेल तर थोडे खोबरे, आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी. सव्वादोन किलोच्या आसपास ऐवज तयार होतो. माणशी पन्नास ग्रॅम, म्हणजे दोन भरपूर चमचे, धरले तर पंचेचाळीस बायकांना पुरतो. दोन किलो कैऱ्या उकडून त्यांच्या गरात गूळ, वेलची आणि मीठ घातले की चाळीसेक लहान पेले पन्हे होते. आख्खे हरभरेही असेच भिजून दुप्पट होतात. सगळ्या बेतात चूल पेटते ती कैऱ्या उकडायला आणि फोडणीला. कढई नाही, तळण नाही, चैत्राच्या उन्हाळ्यात तासन्‌तास धगीपुढे उभे राहणे नाही.

आणि पदार्थ तेच का? कारण तेव्हा तेच घरात असे. हरभरा हे आमच्या मराठवाड्याचे रब्बीचे पीक. फाल्गुनात ते निघते आणि चैत्रात नवी डाळ बाजारात येते. हिवाळ्यात उसाची गुऱ्हाळे होऊन गेलेली असत, तेव्हा गूळही नवा. कैरी झाडाला लागलेली. फोडणीला करडईचे तेल, तेही इथलेच. नारळ तेवढा कोकणातून यायचा, म्हणून आमच्याकडच्या डाळीत खोबरे नावापुरते. पुण्या-मुंबईकडची पाहुणी हसली तर आई म्हणायची, "आमची डाळ आहे हो, खोबऱ्याची नाही." थोडक्यात, ज्या महिन्यात जे मुबलक आणि म्हणून स्वस्त, तेच त्या महिन्याच्या पाहुणचाराचे. त्या वेळी उन्हाने जीव पोळलेला असताना कैरीचे गार पन्हे समोर आले की ते स्वस्त आहे असे कुणाच्या मनातही येत नसे.

मग देखणेपणा कुठून यायचा? तो खाण्याच्या पदार्थांतून कमी आणि रीतीतून जास्त यायचा. दाराशी चैत्रांगण. पायऱ्यापायऱ्यांची आरास. ठाणवईचा उजेड. आणि मुख्य म्हणजे गुलाबदाणी, अत्तरदाणी, पानाचे तबक. या तीन वस्तूंचा इतिहास स्वयंपाकघरातला नाही, दरबारातला आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास आपल्या दौलताबादेला येऊन गेला. हिंदुस्थानच्या वर्णनात त्याने विड्याच्या पानाचे महत्त्व आवर्जून सांगितले आहे. यजमानाने पाहुण्याला पाने दिली म्हणजे जणू मोठी दौलतच दिली असे इथे मानतात, असा त्याचा आशय आहे. पुढे मोगल आले, आसफजाही आली, तिकडे पुण्यात पेशवाई होती. पण दरबार कुणाचाही असो, अत्तर-गुलाब आणि विडा दिला की मुलाखत सन्मानाने संपली, ही रीत सगळीकडे सारखीच होती. इंग्रजी अमलात एखाद्या अधिकाऱ्याचा किंवा पुढाऱ्याचा सत्कार असला की 'पानसुपारीचा समारंभ' ठेवीत. पानसुपारी ही खर्चाने क्षुल्लक वस्तू, पण तिच्यामागे मानाची कित्येक शतके उभी होती. हळदीकुंकवाने हाच दरबारी मान कारकुनाच्या आणि मास्तराच्या ओसरीवर आणला. चांदीची गुलाबदाणी प्रत्येक घरी थोडीच असणार? आमच्या आळीत ती एकाच वाड्यात होती आणि महिनाभर घरोघर फिरायची. प्रत्येकीचा दिवस वेगळा असल्यामुळे ते जमायचे.

पण या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. बेत ठरलेला होता. गरिबाच्या घरी डाळ-पन्हे आणि श्रीमंताच्या घरीही डाळ-पन्हेच. आरास कुणाची मोठी, कुणाची लहान असे. तिथे चढाओढ चालायचीही. पण पाहुणीच्या हातात जे पडायचे ते सगळीकडे एकच. त्यामुळे "त्यांनी काय ठेवले होते, आता आपण काय ठेवायचे" हा प्रश्नच उद्भवत नसे. दोन खोल्यांत राहणारी बाईसुद्धा वकिलाच्या बायकोला बिनदिक्कत बोलावू शकत होती. पाहुणचाराची परतफेड तिच्या आवाक्यात होती, म्हणून तिला इतरांकडे जाताना संकोच वाटत नसे.

याचा एक पुरावा माझ्या डोळ्यांपुढचा आहे. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीतले कुणी विसरणार नाही. त्यानंतरच्या, १९७३ च्या चैत्रात डाळ दुर्मिळ झाली होती आणि पाणीही. आमच्या आळीत त्या वर्षी गौरी बसल्या, हळदीकुंकूही झाले. डाळीच्या जागी चार भिजलेले हरभरे हातावर ठेवत आणि पन्ह्याचा पेला अर्धाच भरत. कुणाला वाईट वाटले नाही, कारण सगळ्यांचाच पेला अर्धा होता. बेत एक असला की तो आटतानाही सगळ्यांचा मिळून आटतो.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे जुन्या काळाची आरती होईल.

या बशीपाशी कोण येऊ शकत नव्हते? विधवा येऊ शकत नव्हती. आमच्या वाड्यात एक आत्याबाई होत्या. डाळ वाटावी तर त्यांनीच. पाट्यावर एकसारखी जाडसर डाळ त्यांच्यासारखी कुणाला जमत नसे. दुपारभर डाळ वाटून, चव बघून, पातेले झाकून ठेवले की चारच्या आत त्या मागच्या खोलीत जाऊन बसत. पाहुण्या जाईपर्यंत बाहेर येत नसत. पन्हे त्यांना आतच नेऊन देत. त्याबद्दल मोठ्यांपैकी कुणी काही बोलल्याचे मला आठवत नाही. चांगुलपणाने भरलेल्या घरातही हे चालत असे, म्हणूनच ते अधिक वाईट.

आणि जात. आळीतल्या सगळ्या बायका असे मी वर लिहिले, पण आळीच मुळी जातीने वसलेली होती. एका पेल्याने, एका घासाने धर्म बुडतो असे मानणाऱ्या समाजात पाहुणचाराची बशी ही गमतीची वस्तू कधीच नव्हती. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे, आणि तेही अल्पोपाहाराचेच.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. खटपट होती गोपाळराव जोशी यांची, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. गृहस्थ मोठे खट्याळ आणि तितकेच खोल. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी पुण्यातली नामवंत मंडळी हजर होती. भाषणे झाली आणि मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी शिष्टाचार म्हणून कप हातात धरला आणि तसाच बाजूला ठेवला. एवढेच घडले. पण गोपाळरावांनी उपस्थितांची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापून आणली आणि गावात भडका उडाला. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! मग ग्रामण्य झाले, म्हणजे ज्ञातीपुढचा खटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्यांनी चौकशीला शास्त्री नेमले. नावे आलेल्यांवर बहिष्कार, त्यांच्या घरच्या लग्नमुंजींना आणि श्राद्धांना भटजी मिळेनात, नातेवाईक तुटले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते मित्रांची कोंडी सुटावी म्हणून. त्याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाची हकिकत लिहिली आहे. ती वाचली की घराघरांतली घालमेल कळते.

मी वर्गात हा धडा शिकवताना मुले हसत. कपभर चहासाठी एवढे? मी त्यांना म्हणायचो, हसा, पण चहाची किंमत पाहू नका. तो दिला कुणी आणि घेतला कुणी ते पाहा. बशीत काय आहे याहून बशीभोवती कोण आहे, हाच तेव्हा खरा प्रश्न होता.

तिथून पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. चहा जिंकला. ज्या चहासाठी प्रायश्चित्ते झाली तो पन्नासेक वर्षांत घराघरांत पोहोचला, आणि "चहाला या" हे मराठी माणसाचे सर्वांत सोपे आमंत्रण झाले. स्वयंपाकाच्या पुस्तकांनीही बेत मोकळा केला. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली आले. नावातच हजार! कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. वाटी-चमच्याची मापे दिल्यामुळे माहेरापासून दूर नोकरीच्या गावी संसार थाटणाऱ्या मुलींना तिचा केवढा आधार झाला, हे वेगळे सांगायला नको. ज्ञातीची आणि घराण्याची पदार्थांवरची मक्तेदारी अशा पुस्तकांनी सैल केली.

आमच्या शहरातही तेच झाले. चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत झाली, नंतर वाळूजला. १९७० च्या दशकात सिडकोने नवे औरंगाबाद वसवायला घेतले. (शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या प्रसंगांत मी जुनेच नाव ठेवतो, तेवढी सवलत असावी.) एका जिन्यात कोकणातला, विदर्भातला, नांदेडचा, लातूरचा, निरनिराळ्या जातीधर्मांची माणसे राहू लागली. कारखान्यातले साहेब लोक पार्ट्या देऊ लागले. काड्यांना टोचलेले चीज आणि अननसाचे तुकडे आम्ही प्रथम तेव्हा पाहिले, आणि काडी खायची नसते हेही तेव्हाच शिकलो. बशीभोवतीची जुनी कुंपणे मोडत होती. ही गोष्ट निखालस चांगली झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण मंडळी, कुंपण मोडले तसा बेतही मोडला, आणि त्याच्या जागी चढाओढ आली. आज पार्टी म्हणजे सहा प्रकारचे स्टार्टर्स, दोन 'लाइव्ह काउंटर', तीन रंगांची पेये. एकाने सहा ठेवले की दुसऱ्याला आठ ठेवावे लागतात. हिशेब 'प्रति प्लेट' होतो. आमच्या ओळखीत एक कुटुंब आहे. नवरा खाजगी नोकरीत, बायको घरी शिकवण्या घेते, दोन मुले शिकताहेत. हल्ली ते कुणाच्या कार्यक्रमाला येत नाहीत. काहीतरी कारण सांगतात. एकदा ती मुलगी माझ्या पत्नीशी सहज बोलून गेली, "काकू, जायला काही नाही हो, पण मग बोलवावं लागतं."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. पूर्वी बशीपासून माणसाला रूढी लांब ठेवायची. आता खर्च लांब ठेवतो, आणि खर्चाविरुद्ध ग्रामण्य भरत नाही, पत्रके निघत नाहीत. माणूस मुकाट्याने घरी बसतो. आत्याबाई मागच्या खोलीत बसत होत्या हे निदान आम्हाला दिसत तरी होते.

रूढीच्या बाबतीत काही घडते आहे हेही नमूद केले पाहिजे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवांच्या कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. आता बऱ्याच ठिकाणी हळदीकुंकवाला सगळ्याच बायकांना बोलावतात. म्हणजे जुन्या रीतीचे वाईट तेवढे टाकता येते. मग तिचे चांगले तेवढे का ठेवू नये?

तेव्हा वर्षअखेरीच्या त्या प्रश्नाला माझे उत्तर असे. चैत्रगौरीचा नियम डिसेंबरला लावून पाहा. नियम चारच आहेत: त्या महिन्यात इथे जे पिकते ते, एक पेय आणि तीनचार पदार्थ, त्याहून जास्त नाही, दोन घासांत संपेल एवढा तुकडा, आणि सगळ्या घरांनी मिळून ठरवलेला एकच बेत.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे हुरड्याचे दिवस. गुळभेंडी ज्वारीचा कोवळा हुरडा, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, गुळाचा खडा. शेतावर जाऊन आगटीभोवती खाल्ला तर उत्तमच, पण मिळाला तर तव्यावर परतून लहान द्रोणातही देता येतो. हुरडा मिळाला नाही तर ओले हरभरे आहेत. ढाळे सोलायला मुलांना बसवावे, निम्मे खातील हे गृहीत धरून जास्त आणावेत. हिंग-जिऱ्याची फोडणी, वरून लिंबू. कोथिंबीर या दिवसांत ढिगाने मिळते. मोठ्या तीनचार जुड्यांत किलोभर बेसन घातले, उंडे वाफवून आदल्या दिवशी ठेवून दिले, की ऐन वेळी कापून थोड्या तेलावर परतायच्या. माणशी दोन वड्या धरल्या तर चाळीस माणसांना ऐंशी वड्या. एवढ्यात त्या होतात आणि चार उरतातही. पेरू आणि गाजराच्या लांबट फोडी, वर तिखटमीठ. शेवटी तिळाची किंवा शेंगदाण्याची वडी, बोटाच्या पेराएवढी. प्यायला गवती चहा आणि आले घालून गुळाचे गरम पाणी, लहान पेल्यांत. ज्यांना दुसरे काही प्यायचे असेल त्यांचे ते पाहतील, त्या विषयात मी पडत नाही.

देखणेपणासाठी दाराशी रांगोळी, एक समई, पितळी तबकात विडे. एकच माणूस वाढणारा ठेवावा आणि त्याने प्रत्येकाचे नाव घेऊन बशी हातात द्यावी. टेबलावर मांडून "घ्या हवे ते" म्हणण्यात सोय आहे, पण हातात दिल्याने मान मिळतो, आणि मानाला खर्च नाही.

चौथा नियम मात्र एका घराने पाळून भागत नाही. त्यासाठी सोसायटीने बसून ठरवावे लागेल की आपल्याकडे वर्षअखेरीचा बेत हाच, कुणाचाही पगार कितीही असो. पहिल्यांदा ऐपतवाल्या घरांनी तो पाळावा. त्यांनी चार पदार्थांवर थांबायचे ठरवले की पाचव्याची गरज बाकीच्यांना उरत नाही. "कमी पडले असे वाटेल" ही भीती कुणी बोलून दाखवली तर त्यांना ७३ सालच्या अर्ध्या पेल्याची गोष्ट सांगा.

असो. बेत कुणाला आवडेल, कुणाला फारच साधा वाटेल. कोथिंबीर वडीऐवजी दुसरे काही सुचत असेल तर जरूर करा. फक्त बोलावण्याची यादी करताना मागच्या दोनतीन वर्षांत कोण यायचे थांबले आहे ते एकदा आठवून पाहा, आणि त्या घरी निरोप फोनवर न देता दोघांनी जाऊन द्या.